ट्रॉम्सोला गेलेलं पाच नंबरचं जॅकेट

जमालुद्दीन मापारी यांनी सौदी अरेबियात सव्वीस वर्षं नोकरी केली आणि ती सगळी उणे पंचवीस अंशात केली, असं सांगितलं की लोक हसतात. वाळवंटात कसली आलीय थंडी, म्हणतात. या हसणाऱ्यांना रियाधच्या अल सुलै भागात आणून आमच्या कोल्ड स्टोअरच्या मोठ्या फ्रीझरमध्ये अर्धा तास उभं करावं असं मला फार वाटतं. रियाधमध्ये लोक जी कोंबडी खातात, जे फ्रेंच फ्राइज पोरांच्या ताटात पडतात, रमझानात ज्या पट्ट्यांचे समोसे घरोघरी तळले जातात, ते सगळं आधी कुणीतरी त्या थंडीत उभं राहून रचलेलं असतं. बाहेर अठ्ठेचाळीस, आत उणे पंचवीस, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक पडदा.

मी ज्ञानेश कदम, चिपळूणचा. त्याच कोल्ड स्टोअरमध्ये रेफ्रिजरेशन मेकॅनिक आहे. मी चिडका आहे हे आधीच सांगून ठेवतो. जमालचाचांबद्दल शांतपणे लिहिणं मला जमणार नाही आणि ते जमवायची माझी इच्छाही नाही.

चाचा मंडणगड तालुक्यातले, खाडीकाठच्या गावचे. वडील गलबतावर तांडेल होते. बंदरातून निघताना आणि बंदराला लागताना माणसं मोजायची, हा वडिलांचा शिरस्ता चाचांनी फ्रीझरमध्ये आणला. हाताखाली आठ माणसं. गळ्यात शिट्टी. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. शिट्टी वाजली की हातातला कार्टन तिथेच ठेवून बाहेर यायचं. मग ट्रकवाला ओरडू दे नाहीतर मुदीर, म्हणजे मॅनेजर. बाहेर आलेल्या प्रत्येकाच्या हातात बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा कप. तो लगेच प्यायचा नाही, दोन्ही तळव्यांत धरून बसायचं, बोटांत जीव आला की मग तोंडाला लावायचा. गरम पाण्याच्या नळाखाली हात धरणाऱ्याला चाचा शिव्या घालत. त्यांच्या तोंडून मी ऐकलेल्या शिव्या तेवढ्याच.

आणि नंबर. फ्रीझरमध्ये डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं, वर धुकं. कोण कोण आहे ते कळत नाही. म्हणून चाचा प्रत्येक जॅकेटच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने वीतभर नंबर रंगवायचे, आणि तो मराठीत. आमच्यातले दोन नेपाळी तो वाचायचेच, दोघा तमिळ पोरांना त्यांनी शिकवला. इंग्रजी नंबर टाकले की शेजारच्या गोदामातली माणसं जॅकेट पळवतात, मराठी नंबराचं कोण पळवतो, हे त्यांचं त्यामागचं कारण. "सात, बाहेर ये! पाच, तुझी वेळ झाली!" दिवसभर हेच ऐकू यायचं.

पाच म्हणजे गोपीनाथ. लांज्याजवळच्या वाडीतला, तिशीच्या आतबाहेरचा, बुजरा. गावच्या नमन-खेळ्यांत मृदंग वाजवायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कॅम्पात जेवणं झाली की रिकाम्या तेलाच्या डब्यावर त्याचे हात चालायचे आणि सगळी खोली गप्प बसून ऐकायची. तो कधी कुणाला उलटून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आमच्या जुन्या जॅकेटांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. आतला कापूस चपटा झालेला, चेन तुटलेल्या, हातमोज्यांची टोकं फाटलेली. आम्ही टोकांवर चिकटपट्टी गुंडाळायचो. नवे सेट मिळावेत म्हणून चाचा चौदा महिने ऑफिसचा उंबरठा झिजवत होते. जॅकेट, पँट आणि हातमोजे असा एक सेट. असे आठ मागितले होते, आणि गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आठ एकदाचे आले. चाचांनी त्याच दिवशी बाहेरच्या शेडमध्ये जॅकेटं पालथी पसरली आणि नंबर रंगवले. पेंट जरा पातळ झाला होता. पाचच्या शेपटाचा ओघळ खाली आला, तो पुसायला गेले तर आणखी फरफटला. "राहू दे चाचा, माझा मना ओळखायला बरा," गोपीनाथ म्हणाला.

आता यूनुस साहेबांकडे येतो. हे आमच्या गोदामाचे मॅनेजर. चाचांच्या गावासमोर, खाडीच्या पलीकडे त्यांचं गाव. रियाधमध्ये पंचक्रोशीतल्या लोकांची जी जमात आहे, तिच्या कमिटीचे अध्यक्ष. लग्न जुळवायचं असो, मय्यत गावी पाठवायची असो, इकाम्याचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचा घोळ असो, लोक यांच्याकडे जातात. चाचांच्या इकाम्याचं एकदा अडलं होतं तेही यांनीच सोडवलं होतं. माणूस उपयोगाचा आहे, नाही कोण म्हणतो? पण सहा वर्षांत कामगारांच्या कॅम्पात पाऊल टाकलं नव्हतं. ते डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, चाचांच्या खाटेवर येऊन बसले. मी समोरच्या खाटेवर होतो. गोपीनाथ खालच्या सतरंजीवर कांदा चिरत होता.

साहेबांनी फोन काढला. पोरांच्या शाळेला सुट्टी आहे, सगळे मिळून नॉर्वेला चाललोय, म्हणाले. उत्तर ध्रुवाकडचं शहर, ट्रॉम्सो. आणि मग एकेक चित्र सरकवत त्यांनी चाचांना त्या शहराची सैर घडवली. हे बघा, शहर बेटावर आहे, हा एवढा लांब पूल. पुलापलीकडे हे काचेचं त्रिकोणी चर्च, लांबून बर्फाचे सुळके उभे केलेत असं वाटतं. ही केबल कार, चार मिनिटांत डोंगरमाथ्यावर, तिथून सगळं शहर आणि समुद्र दिसतो. हे बंदरावरचं जुनं लाकडी गोदाम, आता त्याचं म्युझियम केलंय, ध्रुवावर गेलेल्या माणसांचं सामान ठेवलंय. हे सील मासे पाळलेत ते घर. रेनडियरची घसरगाडी. बोटीतून व्हेल. आणि आकाशातले हिरवे दिवे.

चाचांना खरोखर मजा वाटली. तो माणूस कुठल्याही गोष्टीत पोरासारखा रमायचा. "सूर्य उगवतच नाय त्या दिवसांत? मग फजर कवा नि मगरीब कवा?"

"तिथले मुसलमान मक्केच्या वेळा धरतात म्हणे," साहेब म्हणाले.

"अल्ला! एवढ्या लांब मक्केचा घड्याळ!" चाचा किती वेळ मान हलवत राहिले.

मग साहेब मुद्द्यावर आले. "जमालभाई, ते नवीन सेट आलेत ना. चार द्या. मी, घरातली, अदनान आणि झोया. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तिकडचे जॅकेट घेऊन परत आल्यावर करायचं काय? इथे कुठे घालणार?"

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी सतरंजीकडे बघितलं. मग म्हणाले, "रमझानचा माल उतरायला लागलाय, साहेब."

"जुनी आहेत ना पंधरा दिवस? आणि जमालभाई, मी परका आहे का?"

संपलं. ह्या एका वाक्यापुढे आमची कोकणातली माणसं मान टाकतात. हिंदू असो, मुसलमान असो, गावचा माणूस परका आहे का म्हणाला की आमची जीभ टाळूला चिकटते. चाचांनी दुसऱ्या दिवशी तीन, पाच, सहा आणि आठ नंबरचे सेट, मापाचे म्हणून, एका मोठ्या पिशवीत घालून साहेबांच्या गाडीत ठेवले. स्टोअरच्या रजिस्टरात नोंद केली नाही. गावच्या माणसाची सही कशी मागायची? सव्वीस वर्षांत एक हातमोजा नोंद न करता बाहेर न सोडलेला माणूस, आणि चार सेट सोडले. पाठीवरच्या नंबरांचं काय, असं मी खवचटपणे विचारलं, तर साहेब हसले. पोरांना आवडेल म्हणे, काहीतरी वेगळं दिसतं.

मला राग आला. भयंकर आला. पण मी साहेबांना काही बोललो नाही, चाचांनाच बोललो. आपला राग नेहमी आपल्यापेक्षा गरीब माणसावर निघतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

डिसेंबरची एकोणतीस तारीख, सोमवार. सकाळपासून कोंबडीचे कंटेनर रांगेत उभे. दहाच्या सुमारास आतल्या रॅकची एक फळी वाकली आणि दोन पॅलेट खाली आले. पाचशे कार्टन. फोर्कलिफ्ट आत जाईना, हातानेच रचायचे होते. चाचांनी शिट्टीचा नेम चालू ठेवला होता. साडेअकराला त्यांचा फोन वाजला. मी शेजारीच कंप्रेसरचं प्रेशर बघत होतो. फोनवर यूनुस साहेब, मागे वाऱ्याचा आवाज आणि पोरांचं खिदळणं.

"जमालभाई, पार्टीचा मला इथे फोन येतोय. दुपारपर्यंत कंटेनर खाली व्हायलाच पाहिजे. ते शिट्टीचं नाटक आज जरा बाजूला ठेवा. यल्ला, आटपा."

चाचांनी दहा मिनिटांची विश्रांती तीनवर आणली. चहा बंद. तेव्हा फ्रीझरमध्ये जुने हातमोजे घालून चौघं होते. त्यातला एक गोपीनाथ. उजव्या मोज्याची चिकटपट्टी ओली होऊन सुटली होती, दोन बोटं उघडी. ओल्या पुठ्ठ्याला ती चिकटत होती, तो ओढून सोडवत होता आणि पुढचा कार्टन उचलत होता. पावणेदोनला बाहेर आला तेव्हा बोटं पांढरी, मेणाची दिसत होती. चाचांनी विचारलं, "दुखतंय?" तो म्हणाला, "नाय चाचा, कायच वाटत नाय."

चाचांचा चेहरा उतरला. दुखतं तोवर बोट जिवंत असतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि कंटेनर तसाच टाकून त्याला हॉस्पिटलात नेलं. पाच दिवसांत बोटांची टोकं काळी पडली. मधलं बोट वाचेल, डॉक्टर म्हणाले. तर्जनी वरच्या सांध्यापासून काढावी लागली. मृदंग वाजवणारा हात.

साहेब सहा जानेवारीला परत आले. कॅम्पात चॉकलेटचे डबे पाठवले. पिशवी आमच्या शेडमध्ये आणून टाकली गेली. मी जॅकेटं बाहेर काढून खुंट्यांवर टांगत होतो, तेव्हा पाच नंबरच्या खिशात काहीतरी कडक लागलं. त्या शहराचं प्रेक्षणीय स्थळांचं माहितीपत्रक. इंग्रजीत, गुळगुळीत कागदाचं. केबल कारच्या चौकोनावर कुणीतरी पेनने बरोबरची खूण केलेली. शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले, वाच. मी वाचत गेलो. केबल कार. चर्च. म्युझियम. सील मासे. मग रेनडियरची घसरगाडी, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी मराठीत सांगितलं: थंडीचे कपडे, बूट आणि हातमोजे सहलीतर्फे दिले जातात, वेगळे पैसे नाहीत. व्हेलच्या बोटीखालीही तेच. हिरव्या दिव्यांच्या सहलीखालीही तेच. शेवटी हवामान. डिसेंबर-जानेवारी, सरासरी तापमान उणे चार.

चाचा म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं. उणे चार. आमचा फ्रीझर उणे पंचवीस. ध्रुवाजवळचं ते शहर आमच्या कामाच्या जागेपेक्षा एकवीस अंशांनी गरम होतं, आणि तिथे फिरायला येणाऱ्याला हातमोजे आयते मिळत होते. चाचांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं.

चार दिवसांनी साहेबांनी चाचांना ऑफिसात बोलावलं. कामावरच्या दुखापतीच्या विम्याचा माणूस गुरुवारी तपासाला येणार होता. टेबलावर इंग्रजी-अरबीत टाइप केलेला कागद तयार. चाचांना इंग्रजी येत नाही म्हणून मी बरोबर गेलो होतो. कागदात लिहिलं होतं की कामगाराला नवीन जॅकेट आणि हातमोजे सात डिसेंबरला दिले होते. अपघाताच्या दिवशी त्याने ते निष्काळजीपणाने वापरले नाहीत. खाली सुपरवायझरची सही.

"नवे आठ सेट आले, आठ माणसांना दिले. खोटं काय आहे यात?" साहेब म्हणाले. "नियमात बसलं की खलास. नाहीतर चौकशी, दंड, सगळ्यांचेच हाल."

"नि गोपीनाथचा काय?"

"निष्काळजीपणा निघाला की कंपनी ठेवणार नाही. तसाही आता त्याचा काय उपयोग? गावी जाईल बिचारा. जमातीतर्फे काहीतरी मदत करू आपण." आणि मग पुन्हा ते वाक्य आलंच. "जमालभाई, मी परका आहे का?"

मला त्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. उपयोग काय, म्हणे! बोट गेलेल्या माणसाला निष्काळजी ठरवून, त्याचा विमा बुडवून, त्याला घरी घालवायचं, आणि वर बिचारा म्हणायचं. चाचा उठले. "गुरुवारी सांगतो," एवढंच बोलले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेबांच्या पोरीचे फोटो आहेत म्हणतोस ना तुझ्या फोनात? दाखव."

झोयाचं इन्स्टाग्राम उघडं होतं. कॅम्पातल्या निम्म्या पोरांनी ते आधीच बघितलं होतं. दुपारच्या चहाच्या सुट्टीत शेडमध्ये बसून आम्ही दोघांनी ते शहर दुसऱ्यांदा बघितलं. हल्लीची पोरं देखाव्याकडे तोंड करून, पाठमोरी उभी राहून फोटो काढून घेतात. त्यामुळे प्रत्येक फोटोत देखावा थोडा आणि पाठ जास्त. पुलावर आठ नंबर. काचेच्या चर्चसमोर तीन आणि सहा. म्युझियमच्या दारातल्या पुतळ्याशेजारी सहा. घसरगाडीच्या फोटोत मात्र सगळे निळ्या कपड्यांत, सहलीवाल्यांनी दिलेल्या. आमची जॅकेटं मागच्या तंबूत खुंटीवर लटकत होती, तेही फोटोत आलं होतं.

आणि डोंगरमाथा. खाली निळसर उजेडात सगळं शहर, दिवे लागलेले, काळा समुद्र. कठड्यापाशी झोया दोन्ही हात पसरून उभी, हातांत आमचे नवे जाड हातमोजे. पाठीवर पाच. शेपटाचा ओघळ खाली आलेला, पुसायला जाऊन फरफटलेला. फोटोखाली तारीख: एकोणतीस डिसेंबर.

चाचांनी बोटाने तो फोटो मोठा केला आणि बराच वेळ त्या ओघळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कागद आण. मराठीत लिव. मी सांगतो."

गुरुवारी विम्याचा माणूस आला. तरुण सौदी, नीट बोलणारा. ऑफिसात साहेब, एचआरचा माणूस, चाचा आणि दुभाषा म्हणून मी. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. चाचांनी त्यावर आपला मराठी कागद ठेवला आणि मला म्हणाले, सांग. मी सांगितलं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: "एकोणतीस डिसेंबरला पाच नंबरचा सेट ट्रॉम्सोत डोंगरावर होता आणि पाच नंबरचा माणूस फ्रीझरमध्ये होता. सेट मी दिला. नोंद मी केली नाही. विश्रांती मी कमी केली. कुणी सांगितलं म्हणून केली, पण केली मी."

साहेब अरबीत भडाभडा बोलू लागले. ती जॅकेटं आमची स्वतःची, असलीच मिळतात बाजारात. विम्याच्या माणसाने माझ्या फोनवरचा फोटो बघितला. हे काय चिन्ह, त्याने विचारलं. मराठीतला पाच, मी म्हणालो. तो उठून शेडमध्ये आला, खुंटीवरचं जॅकेट पालथं केलं, ओघळावर फोन धरला. मग त्याने तेच जॅकेट अंगात घातलं आणि म्हणाला, मला आत जायचंय. चार मिनिटांनी बाहेर आला. ओठ पांढरे पडले होते. चाचांनी न सांगता त्याच्या हातात सुलेमानीचा कप दिला आणि खुणेने सांगितलं, पिऊ नको, धर.

गोपीनाथची दुखापत कंपनीच्या चुकीने झाली अशी नोंद झाली. विमा मिळाला, उपचार मिळाले, फेब्रुवारीत तो घरी गेला. इथवर ठीक. आता पुढचं ऐका आणि मला शांत राहा म्हणून सांगा बघू. यूनुस साहेबांची बदली अल खर्जला, दुसऱ्या गोदामात, त्याच हुद्द्यावर. चाचांचा करार मात्र वाढवला नाही. कारण काय? नोंद न करता माल बाहेर दिला, हे त्यांनी स्वतः लिहून दिलेलं. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोललेला एकच माणूस आणि नोकरी त्याची गेली. जमातीच्या कमिटीने त्यांना बोलावणी बंद केली. गावी त्यांच्या बायकोला, हफीजाभाभींना, बायकांनी टोमणे मारले की तुझ्या नवऱ्याने गावच्या माणसाला सौद्यांपुढे उघडं पाडलं. भाभी म्हणाल्या, "तुमच्या पोराची बोटं असती तर?" आणि दार लावून घेतलं. ती एक खमकी बाई.

पण चाचांचा राग यूनुस साहेबांवर नव्हता, याचा मला जास्त राग यायचा. सामान बांधताना मी त्यांना म्हटलं, "त्या माणसाला दोन शिव्या तरी घाला." ते म्हणाले, "त्याने मागितले. मागणारा मागतो. दिले कुणी?"

एप्रिलमध्ये चाचा मुंबईला उतरले आणि एसटीत बसले. अडीच वर्षांनी घरी चालले होते. महाडच्या फाट्यावर त्यांचा मेहुणा गाडी घेऊन थांबला होता, भाभींनी घरी जेवण करून ठेवलं होतं. हा माणूस फाट्यावर उतरलाच नाही. त्याच एसटीत बसून खेड, चिपळूण, संगमेश्वर मागे टाकत आणखी पाच तास पुढे लांज्याला गेला. पुढचं मला गोपीनाथने फोनवर सांगितलं.

बॅगांसकट अंगणात उभे राहिले. गोपीनाथची आई पाणी घेऊन आली, ते घेतलं नाही. म्हणाले, आधी बोलायचंय. "गोपीनाथ, तुझा जॅकेट मीच दिला. साहेब मागायला आले, मी नाय म्हणालो नाय. तुझ्या तोंडावर मी हे कधी सांगितला नाय. ते सांगायला आलोय."

गोपीनाथ म्हणाला, "मना ठाव होता, चाचा. मी तिथंच बसलेलो, कांदा कापत."

"मग तू बोलला का नायस? पाच नंबर माझा आहे, मी देणार नाय, असा का नाय बोललास?"

गोपीनाथने मला सांगितलं की त्याला खोटं बोलता आलं असतं, पण एवढ्या लांब आलेल्या माणसाशी ते बोलवेना. तो चाचांना म्हणाला, "तुमच्याशी कसा बोलू? तुम्ही सुपरवायझर. नि वर मना पोरासारखे वागवायचेत. तुम्ही काय परके होते?"

चाचा पायरीवर बसले. आईने चहा आणला. एप्रिलच्या उकाड्यात, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, तरी त्यांनी तो कप सवयीने दोन्ही तळव्यांत धरला आणि धरूनच बसले. गोपीनाथ दोनदा म्हणाला, "प्या चाचा, इथं थंडी नाय." ते प्यायले नाहीत.